परसांतला दुधी आणि आमचें शहाणपण

ज्यांच्या घरामागें परस आहे त्यांना हा अनुभव निराळा सांगावयास नको. भाजी लावावी तेव्हां ती लवकर उगवत नाहीं. उगवली तर धरत नाहीं. आणि एकदां धरूं लागली म्हणजे मग थांबत नाहीं. आषाढापर्यंत जो वेल पाणी घालतां घालतां आपल्याला मेटाकुटीस आणतो, तोच भाद्रपदांत आठवड्याला दहा-पंधरा दुधी पुढ्यांत टाकतो, आणि घरांतील माणसें ‘आज भाजी कसली?’ हें विचारावयाचेंच सोडून देतात. शेजारीं तरी किती वांटावी? चवथ्या दिवशीं आपण पिशवी घेऊन येतांना दिसलों कीं शेजारी हळूच दार लोटून घेतात! अशा वेळीं या भाजीचें करावें तरी काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें एक नवें उत्तर आम्हीं शोधून काढलें, आणि त्यापायीं आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला तो वाचकांपुढें ठेवावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आम्ही जेऊरचे. पुणें-सोलापूर लोहमार्गावरील हें लहानसें स्टेशन. करमाळ्यास जाणारे उतारू येथें उतरतात, बाकीच्यांस गाडीच्या खिडकींतून दिसेल तेवढेंच गांव ठाऊक असतें. भीमेवर १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून तालुक्याच्या जलाशयाकडील अंगास ऊंस आणि केळी दिसूं लागल्या खऱ्या. पण मुलूख मूळचा पर्जन्यछायेंतला. मृगाचें वचन येथें क्वचितच खरें होतें. सारी भिस्त उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर. अशा गांवीं आमच्या वडिलार्जित घरामागें दीड गुंठ्याचें परस आहे. त्यांत एक लिंबाचें झाड, एक शेवगा, कढीलिंब, दुधी, दोडका व कारलें यांचा मांडव, आणि गवार, टोमॅटो, मिरची यांचे वाफे. न्हाणीचें व स्वयंपाकघरांतील धुण्याचें पाणी पाटानें तिकडेच जातें.

घरांत आम्ही दहा माणसें. आमचे थोरले बंधू दिवंगत झाल्यास पुष्कळ वर्षें लोटलीं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि स्वयंपाकघराची सत्ता अद्यापि त्यांच्याच हातीं आहे. त्यांच्यामागून आमच्या सौभाग्यवती, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें, आणि सेवानिवृत्त झालेले आम्ही. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें अध्यापनाची पदविका. पण संस्कृत मात्र वडिलांनीं लहानपणीं घरींच पक्कें करून घेतलें होतें. अमरकोश तोंडपाठ असलेला मास्तर म्हणून शाळेंत आमचा थोडाफार लौकिक होता, आणि तो सांगतांना आम्हांस अभिमान वाटत असे. येथें भूतकाळाचें रूप कां योजिलें, तें पुढें कळेलच.

परसांतली भाजी अंगावर येऊं लागली कीं वहिनींचा उद्योग सुरू होई. आश्विनाचें कडक ऊन पडलें म्हणजे गच्चीवर जुनीं धोतरें पसरलीं जात. गवारीच्या कोवळ्या शेंगा मीठ घातलेल्या ताकांत मुरवून वाळवावयाच्या. कारल्याच्या चकत्या मीठ-हळद लावून, सुटलेलें पाणी पिळून टाकून वाळवावयाच्या. मिरच्यांना चीर देऊन, त्यांत धने, मेथी व मीठ यांची पूड भरून त्या ताकांत बुडवून उन्हांत घालावयाच्या. मेथीचा पाला मात्र सावलींत. कोहळ्याचा कीस डाळीच्या वाटणांत मिसळून त्याचे सांडगे, आणि लिंबें मिठांत. चार-पांच दिवसांनीं वहिनी गवारीची एक शेंग उचलीत आणि कानापाशीं नेऊन मोडीत. ‘कट्’ असा आवाज आला तरच ती बरणींत. नुसती वांकली तर पुन्हां उन्हांत. कारल्याची चकती त्या मुठींत चुरून पाहत. लोणच्याच्या बरणींत तेल फोडींच्या वर बोटभर आलें आहे कीं नाहीं, हें त्या दर पंधरा दिवसांनीं पाहत, आणि ओला चमचा त्या बरणीच्या वाऱ्यासही उभा राहूं देत नसत. दुधी, दोडका किंवा काकडी चिरण्यापूर्वीं देठाकडची चकती काढून तिचा तिळाएवढा तुकडा जिभेवर ठेवून पाहावयाचा आणि थुंकून टाकावयाचा, हा तर त्यांचा नित्यनेम होता.

आम्हीं एकदां त्यांना विचारलें, ‘वहिनी, बाजारांतल्या दुधीची परीक्षा ठीक आहे, पण हा तर आपल्या मांडवावरचा. याची कशाला?’

‘भावोजी,’ त्या म्हणाल्या, ‘घरचा असला म्हणून काय झालें? वेल कुणाला सांगून का कडू होतो?’

आम्ही हंसलों. या साऱ्या खटाटोपाविषयीं आमच्या मनांत आदर होता, पण तो देवघरांतील जुन्या भांड्यांविषयीं असावा तसा. खरें शास्त्र पुस्तकांत असतें, अशी आमची समजूत. वास्तविक वहिनींच्या प्रत्येक कृतीमागें कारण उभें आहे. दुधीच्या शंभर भागांत पंच्याण्णवांच्या आसपास पाणीच असतें. भाजी नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना पाण्यावांचून वाढतां येत नाहीं, म्हणून ऊन पाणी काढून घेतें आणि भाजी टिकते. मीठ उरलेलें पाणी बांधून ठेवतें. ताकाचा आणि लिंबाचा आंबटपणा जंतूंना मानवत नाहीं. फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें भाज्या व फळें काचेच्या बरण्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, त्या बरण्या उकळत्या पाण्यांत ठेवून टिकविण्याची रीत काढली आणि १८१० सालीं तेथील सरकारनें त्याला बारा हजार फ्रँक दिले. परंतु असें केल्यानें भाजी कां टिकते हें त्याला सांगतां येत नव्हतें. तें अर्ध्या शतकानंतर पाश्चरच्या प्रयोगांनीं उलगडलें. तेथेंही हात आधीं शहाणा झाला, डोकें मागाहून.

आमच्या डोक्याची पाळी २०२१ सालीं आली. थोरला मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. तेथें सकाळीं बागेंत फिरून आलेले लोक फाटकापाशीं उभे राहून दुधीचा, कारल्याचा, आंवळ्याचा रस पितात, हें त्यानें पाहिलें आणि आमच्या वाढदिवसास विजेवर चालणारें रस काढण्याचें यंत्र आणलें. यंत्र आलें आणि आमच्यांतला प्रयोगशील मास्तर जागा झाला. वाळवणाला आठवडा लागतो, रसाला दोन मिनिटें! पहाटे घर निजलेलें असतांना आम्ही मांडवावरचा दुधी तोडून आणावा, फोडी करून यंत्रांत घालाव्या, आलें, पुदिना, लिंबू आणि सैंधव घालावें. पेलाभर आपण घ्यावा आणि अर्धा पेला सौभाग्यवतींना द्यावा, असा क्रम सुरू झाला. वहिनींनीं पहिल्याच दिवशीं हात जोडले. ‘दांत गेले तरी भाजी खाण्याइतक्या हिरड्या शाबूत आहेत माझ्या,’ हा त्यांचा शेरा.

एवढ्यावर आम्ही थांबलों नाहीं. आपेरची गोष्ट नातवंडांना सांगून आम्हीं उकडलेली गवार मिठाच्या पाण्यांत घालून बरण्यांत भरली, त्या अर्धा तास उकळत्या पाण्यांत ठेवल्या, झाकणें आवळलीं आणि फडताळांत रांगेनें मांडल्या. टोमॅटोच्याही तशाच. पाहुणे आले कीं आम्ही त्या कौतुकानें दाखवीत असूं. वहिनी मात्र त्यांना ‘शिळी भाजी’ म्हणत आणि एकही बरणी उघडूं देत नसत.

थोडा विचार केला असता तर एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत आली असती. भाजीसाठीं चिरला जाणारा दुधी वहिनींच्या हातांतून आणि जिभेवरून जात असे. आमचा दुधी मांडवावरून थेट यंत्रांत जात होता.

यांत आणखी एका हौसेची भर पडली. २०२२ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या एका कीर्तनकार स्नेह्यांनीं भोपळ्याच्या मूठभर बिया आणून दिल्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत पंढरपुराकडे भीमेच्या कांठीं सतारीचे व तंबोऱ्याचे भोपळे पिकतात आणि तेथून ते मिरजेच्या कारागिरांकडे जातात, हें संगीतप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. त्यांतल्याच त्या बिया. हा भोपळा खाण्याचा नव्हे. त्याची साल जाड आणि गर कडू. आपल्या परसांतल्या भोपळ्याची एकतारी व्हावी, या इच्छेनें आम्हीं तो वेल कुंपणावर चढविला, दुधीच्या मांडवापासून पांच पावलांवर. भोपळे धरले, एकतारीही झाली. त्याच वर्षीं मांडवावरचा एक उत्तम दुधी बियांसाठीं राखला, आणि त्या बिया राखेंत घोळून डबींत ठेविल्या.

दुधी आणि तंबोऱ्याचा भोपळा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें एकाच जातीचे. एकाचा पराग दुसऱ्यास चालतो. संध्याकाळीं उमलणाऱ्या त्या पांढऱ्या फुलांवर फिरणाऱ्या कीटकांना, कुठला वेल खाण्याचा आणि कुठला वाजविण्याचा, हें कोण सांगणार? त्या वर्षींचे दुधी गोडच निघाले. कारण फळाचा गर आईच्या गुणाचा असतो, बापाचा गुण बियांत जातो आणि पुढच्या वर्षीं दिसतो. इतकें साधें शास्त्र आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

२०२३ साल वाचकांस आठवत असेल. श्रावण अधिक आला आणि पाऊस मात्र उणा. त्या वर्षींचा ऑगस्ट साऱ्या देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. उजनी पुरती भरली नाहीं. पुढें आमचा करमाळा तालुका दुष्काळी म्हणून जाहीर झाला. डबींतल्या बियांचा वेल आम्हीं बादलीबादलीनें पाणी घालून जगविला. निज श्रावणांत त्याला पहिला दुधी धरला. कोवळा, तुकतुकीत, हातभर लांब. त्याच्याकडे पाहून आमचा ऊर भरून आला, हें कबूल केलें पाहिजे.

पहाटे तो तोडला आणि रस काढला. पहिल्या घोटालाच जीभ आंखडली. आलें, लिंबू, पुदिना, सारें घालूनही तो कडूपणा लपत नव्हता. पण आमच्या मनांत काय आलें असेल? कारलें कडू, कडुनिंब कडू, वैद्याचा काढा कडू. पाण्याच्या ओढीनें या दुधीचें सत्त्वच एकवटलें असेल! आम्हीं नाक धरून पेला रिकामा केला आणि सौभाग्यवतींचा त्यांच्या हातीं दिला.

‘अहो, फारच कडू लागतोय हा,’ त्या म्हणाल्या. ‘टाकून देऊं या का?’

‘कडू म्हणूनच गुणकारी,’ आम्ही म्हणालों. ‘घे, नाक धरून घे.’

चाळीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं आमचा शब्द सहसा मोडला नव्हता. त्या दिवशींही मोडला नाहीं.

इतक्यांत आमचा दहा वर्षांचा नातू डोळे चोळीत आला. त्यालाही वाटींत थोडा रस दिला. त्यानें एक घोट तोंडांत घेतला आणि तसाच मोरींत जाऊन थुंकला. ‘आजोबा, घाण आहे हें!’ तो ओरडला. अन्नाला नांवें ठेवूं नयेत म्हणून आम्हीं त्याला चांगले चार शब्द सुनावले. तो रडत रडत वहिनींच्या अंथरुणाकडे गेला.

तासाभरांत आमच्या पोटांत कळा येऊं लागल्या. मग ओकाऱ्या आणि जुलाब. सौभाग्यवतींची अवस्था आमच्याहून वाईट. त्यांच्या ओकारींत रक्त दिसलें, आणि हातपाय गार पडत चालले. थोरली सून घाबरून गेली. ‘मामंजींना रात्रीचें कांहीं बाधलें का?’ म्हणून ती डबे उघडून पाहूं लागली. वहिनी मात्र कोणाला कांहीं न विचारतां स्वयंपाकघरांत गेल्या, यंत्रांत उरलेला चोथा बोटानें उचलून जिभेला लावला, आणि तत्काळ चूळ भरली. बाहेर येऊन धाकट्या मुलाला म्हणाल्या, ‘दोघेंही कडू दुधी प्यायलीं आहेत. गाडी काढ. आणि हा चोथा डब्यांत घालून बरोबर घे, डॉक्टरांना दाखव.’

त्या डब्यानें मोठें काम केलें. डॉक्टरांना निदान शोधीत बसावें लागलें नाहीं. या विषाला नेमका उतारा नाहीं. शिरेंतून सलाईन देणें, रक्तदाब सांभाळणें, पोटाचा दाह शमविणें आणि वाट पाहणें, एवढेंच हातीं असतें. आम्ही दुसऱ्या दिवशीं सावरलों. सौभाग्यवतींना चार दिवस ठेवून घ्यावें लागलें. पहिल्या रात्रीं त्यांचा रक्तदाब कांहीं केल्या वर येईना. आम्ही त्यांच्या खाटेपाशीं स्टुलावर बसलों होतों. आमच्याही हाताला सुई टोंचलेली होती. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनीं डोळे उघडले, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा:

‘पोरानें गिळला नाहीं ना तो रस?’

‘नाहीं. थुंकला,’ आम्हीं सांगितलें.

‘बरें केलें हो त्यानें,’ असें म्हणून त्यांनीं पुन्हां डोळे मिटले.

त्या थुंकण्याबद्दलच आम्ही त्याला रागें भरलों होतों, हें त्यांना सांगण्याचा धीर आम्हांस त्या रात्रीं झाला नाहीं.

घरीं परतल्यावर कांहीं दिवस आम्ही कोणाशीं फारसें बोललों नाहीं. एके दुपारीं फडताळांतला अमरकोश हातीं घेतला आणि वनौषधिवर्ग काढला. तेथें तो शब्द होताच: इक्ष्वाकु. सूर्यवंशाचा मूळपुरुष तो इक्ष्वाकु; पण अमरसिंहानें त्याच शब्दाचा अर्थ कडू भोपळा असाही दिला आहे, आणि साध्या भोपळ्याचीं नांवें निराळीं सांगितलीं आहेत. हा शब्द आम्ही सात-आठ वर्षांचे असतांना पाठ केला होता. पुढें वर्गांत रघुवंशाचा विषय निघाला कीं मुलांना हंसविण्यासाठीं आम्ही तो हटकून सांगत असूं, आणि मुलें दर वर्षीं हंसत. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत तर या इक्ष्वाकूवर एक अध्यायच आहे, आणि तो कोठें? वमन करविणाऱ्या द्रव्यांत! ज्या फळानें आम्हांस ओकविलें, तें त्याच गुणासाठीं पूर्वापार प्रसिद्ध असल्याचें आमच्याच फडताळांतील ग्रंथ सांगत होते. शब्द आम्हांस पाठ होता आणि फळ जिभेवर होतें. पण हें त्याचेंच नांव, असें एकदांही मनांत आलें नाहीं. वहिनींना तो शब्द ठाऊक नाहीं. फळ मात्र त्यांनीं बोटभर चोथ्यावरून ओळखलें.

आतां या प्रकरणीं जें समजून घेतलें तें वाचकांच्या उपयोगासाठीं सांगतों. दुधी, दोडका, काकडी, परदेशी झुकिनी, हीं एकाच कुळांतलीं फळें. या कुळांत ‘कुकुर्बिटासिन’ नांवाचीं अतिकडू द्रव्यें असतात. माणसानें पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांच्याच बिया निवडून खाण्याच्या जातींतून तीं जवळजवळ नाहींशीं केलीं आहेत. परंतु कडू जातीशीं संकर झाला, किंवा वेलाला पाण्याची ओढ व कडक ऊन लागलें, म्हणजे तीं पुन्हां डोकें वर काढतात. आमच्या वेलाच्या बाबतींत दोन्ही कारणें जुळून आलीं. हीं द्रव्यें शिजविल्यानें नष्ट होत नाहींत. लिंबू-आल्यानें त्यांची चव थोडी झांकते, विष कमी होत नाहीं. कोणी म्हणेल, मग कारल्याचें काय? कारल्याचा कडूपणा हा त्याचा नेहमींचा धर्म आणि त्यांतलीं द्रव्यें निराळीं. दुधीचा कडूपणा हा त्याचा धर्म नव्हे, ती धोक्याची सूचना आहे. शिवाय भाजींतली एखादी फोड कडू लागली तर माणूस ताट बाजूस सारतो. रसांत मात्र सबंध दुधी दोन-चार घोटांत पोटांत जातो.

असे प्रसंग इतरत्रही घडले आहेत, आणि सारेच आमच्यासारखे सुदैवी नव्हते. दिल्लींत २०१० सालीं एका शास्त्रज्ञाचा असाच रस पिऊन मृत्यू झाला. पुण्यांत २०१८ सालीं एका महिलेचा झाला. जर्मनींत २०१५ सालीं घरगुती बागेंतल्या झुकिनीची कडू भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. त्यांची पत्नी वांचली. दिल्लीच्या घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला थोडक्यांत असा: रस काढण्यापूर्वीं दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास दुधी फेकून द्यावा, कडू रस दुसऱ्या कोणत्याही रसांत मिसळूं नये, आणि रस घेतल्यावर मळमळ, ओकारी, पोटदुखी कांहींही जाणवल्यास विलंब न लावतां दवाखाना गांठावा. यांतला पहिला नियम आमच्या स्वयंपाकघरांत रोज पाळला जात होता, आणि आम्ही त्याला हंसत होतों.

आमची दुसरी चूक मात्र शिक्षेवांचून सुटली. अन्नविज्ञान शिकलेला आमचा एक जुना विद्यार्थी समाचारास आला होता. फडताळांतल्या बरण्या पाहून त्याचा चेहरा उतरला. ‘गुरुजी, ही गवार कोणी खाल्ली तर नाहीं ना?’ असें त्यानें विचारलें. मग त्यानें समजावून सांगितलें तें असें. मातींत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नांवाचे जंतू असतात. त्यांचीं बीजें साध्या उकळत्या पाण्यानें मरत नाहींत, त्यांना दाबाखालील १२१ अंशांपर्यंतची उष्णता लागते. हवा नसलेल्या बंद बरणींत, जेथें आंबटपणा नाहीं अशा भाजींत, तीं रुजतात आणि भयंकर विष तयार करतात. त्या विषाला बहुधा वास नाहीं, चवही नाहीं. आम्लता मोजण्याच्या मापावर ४.६ ही सीमा. त्याच्या वरचा पदार्थ, म्हणजे गवार, दुधी, भेंडी, मका, घरीं असा बाटलींत भरूं नये. टोमॅटो त्या सीमेच्या आसपास रेंगाळतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीला मोठा चमचाभर लिंबाचा रस घातल्याशिवाय तोही भरूं नये.

वहिनी दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. ‘म्हणजे माझी ताकांतली गवार चालते कीं नाहीं?’ त्यांनीं विचारलें.

‘काकू, ती कडकडीत वाळलेली असते. तिला कांहीं होत नाहीं,’ तो म्हणाला.

त्याच संध्याकाळीं साऱ्या बरण्या परसांत खोल खड्डा करून रिकाम्या केल्या. गाईलाही ती गवार घातली नाहीं.

यंत्र आम्हीं फेकून दिलें नाहीं. तें आतां फडताळावरून स्वयंपाकघरांत आलें आहे, आणि चाखल्याशिवाय त्यांत कांहीं जात नाहीं. रस क्वचित्, थोडा, आणि काढल्याबरोबर घेतला जातो. एरवीं आम्ही भाजी भाजी म्हणूनच खातों, कारण चोथ्याचेंही पोटाला काम असतें, असें डॉक्टरांनीं बजावलें आहे. दुधीच्या बिया घरीं न राखतां दर वर्षीं खात्रीच्या ठिकाणाहून विकत आणतों. तंबोऱ्याचा भोपळा परसांतून गेला. जास्तीची भाजी पुन्हां आश्विनाच्या उन्हाकडे गेली. वहिनींचे हात आतां थरथरतात, म्हणून धाकटी सून त्यांच्यापाशीं बसून शिकते, आणि आम्ही एका वहींत लिहून घेतों: शेंग कशी मोडावी, चकती कशी चुरावी, मीठ किती, ऊन किती दिवसांचें, तेल कोठवर. पूर्वीं आम्ही सांगत असूं आणि इतरांनीं लिहून घ्यावयाचें. आतां पाळी बदलली आहे, आणि ती बदलली हें योग्यच झालें.

एक देणें उरलें होतें. सौभाग्यवती घरीं आल्यानंतर एके दिवशीं आम्हीं नातवाला मांडवाखालीं नेलें आणि सांगितलें, ‘त्या दिवशीं तुझेंच खरें होतें. आम्ही उगाच रागावलों.’ त्यानें थोडा विचार केला आणि विचारलें, ‘मग अन्नाला नांवें ठेवलीं तर चालतात?’

‘नांवें ठेवूं नयेत,’ आम्ही म्हणालों, ‘पण कडू लागलें तर कडू लागलें म्हणून सांगावें. समोर आजोबा असले तरी सांगावें.’

तेव्हांपासून दुधी चाखण्याचा मान वहिनींनीं त्याला दिला आहे. तो देठाकडची चकती घेतो, तिळाएवढा तुकडा जिभेवर ठेवतो, मोठ्या गंभीरपणें थुंकतो आणि ‘गोड!’ म्हणून निकाल देतो. मग विळी पुढें ओढली जाते. त्या भोपळ्याची एकतारी अजून भिंतीवर आहे. संध्याकाळीं भजनाला तीच काढतों. सौभाग्यवती समोर बसून टाळ धरतात. त्यांच्याकडे पाहिलें कीं त्या रात्रीचा स्टूल आठवतो, आणि कधीं कधीं ताल चुकतो. त्या कांहीं बोलत नाहींत. फक्त टाळ जरा सावकाश वाजवितात, म्हणजे आम्हांस पुन्हां समेवर येतां येतें.